मीटिंगला चालत या: आभासी जगाबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या महिन्यात मी या सदरात थोडंसं लिहिलं होतं की कॉम्प्युटरवरच्या थ्रीडी जगात, म्हणजे जिथे आपण आपला एक अवतार घेऊन चालतो, बसतो, बोलतो, तिथे मी गेली बरीच वर्षं लोकांना ट्रेनिंग देते. त्यावर एवढे मेल आलेत की या वेळी बाकी सगळे विषय बाजूला ठेवतेय. सगळ्यांना उत्तर द्यायला जागा नाही, पाच प्रश्न निवडलेत, लांबलेले होते ते जरा छोटे केलेत.

ताई नमस्कार. मी एका कंपनीत ट्रेनिंगचं बघतो. टीम पुणे, इंदूर, हैदराबाद अशी विखुरलेली. दिवसभर व्हिडिओ कॉल करून लोक कंटाळलेत, कॅमेरे बंद ठेवतात, कोण ऐकतंय कोण नाही काही कळत नाही. आता आमचे मोठे साहेब म्हणतात मेटाव्हर्समध्ये, म्हणजे अवतारवाल्या जगात, मीटिंग घ्या. खरंच फरक पडतो का की नुसतं फॅड आहे? (पुणे)

फरक पडतो, पण सगळ्या मीटिंगांना नाही, आणि हे साहेबांना आधीच सांगून टाका म्हणजे नंतर तुमच्यावर येणार नाही. सोमवारची "कुठपर्यंत आलं" वाली मीटिंग तिथे नेऊन काही उपयोग नाही, ती कॉलवरच बरी, खरं तर एका मेलमध्येसुद्धा होते.

आता फरक कशाने पडतो ते सांगते. व्हिडिओ कॉलचा थकवा का येतो यावर स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये एक लेख लिहिला होता, त्यात चार कारणं दिलीत: सगळे चेहरे अगदी जवळून आणि सतत आपल्याकडे बघत असतात, स्वतःचा चेहरा दिवसभर समोर दिसतो, जागेवरून हलता येत नाही, आणि मान डोलावणं वगैरे साध्या खुणासुद्धा मुद्दाम कराव्या लागतात आणि समोरच्याच्या मुद्दाम वाचाव्या लागतात. यातली पहिली तीन आभासी जगात बऱ्यापैकी कमी होतात. तिथे तुमचा चेहरा कोणी बघत नाहीये, तुम्ही स्वतःच्या अवताराला पाठीमागून बघताय, उठून खिडकीपाशी जाऊन उभं राहता येतं. चौथं कारण मात्र तसंच राहतं, उलट थोडं वाढतंच, कारण अवतार आपणहून मान डोलावत नाही.

पण माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे अंतर. सेकंड लाईफ हे असंच एक आभासी जग, जे सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅब या कंपनीने २००३ मध्ये सुरू केलं आणि अजून चालू आहे, त्यात टाईप केलेलं बोलणं २० मीटरपर्यंतच पोचतं, आणि माईकवरचा आवाज जवळचा मोठा, लांबचा बारीक ऐकू येतो, डावीकडचा डाव्या कानात. म्हणजे मीटिंग संपल्यावर दोघं दाराशी, तिघं गच्चीवर असं उभं राहून बोलता येतं आणि कोणी कोणाच्या मध्ये येत नाही. कॉलवर हे होत नाही, तिथे एक बोलला की पंधरा जणांनी गप्प बसायचं आणि साहेबांनी लीव्ह दाबलं की सगळे अंधारात. ऑफिसमध्ये खरी कामं चहाच्या टपरीवर होतात हे तुम्हाला मी सांगायला नको, विखुरलेल्या टीमला नेमकी ती टपरीच नसते.

हे मोठ्या प्रमाणावर करून बघितलेलं उदाहरण हवं असेल तर आयबीएमचं सांगा साहेबांना. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्या अकॅडमी ऑफ टेक्नॉलॉजीने आपली परिषद सेकंड लाईफमध्ये घेतली, २०० च्या वर लोक होते, आणि प्रवास, हॉटेल, वाया जाणारा वेळ धरून साधारण ३ लाख २० हजार डॉलर वाचले असा त्यांचाच अंदाज होता. आकडा कंपनीचा स्वतःचा आहे हे धरून चाला. मला त्यात पैशापेक्षा हे जास्त महत्त्वाचं वाटतं की एकमेकांपासून हजारो मैलांवरचे लोक सत्र संपल्यावरही तिथे रेंगाळून गप्पा मारू शकत होते.

कोण ऐकतंय ते कळत नाही म्हणालात. सेकंड लाईफमध्ये थोडा वेळ माऊस-कीबोर्डला हात लावला नाही की अवतार अवे (म्हणजे जागेवर नसलेला) होतो आणि उभ्या उभ्या मान टाकून पुढे झुकतो, सगळ्यांना दिसतं. पण कळकळीने सांगते, याची हजेरी करू नका. मी एका ट्रेनिंगला बघितलंय, मॅनेजर मान टाकलेल्यांची नावं लिहून घेत होता, पुढच्या आठवड्यापासून लोक नुसते कीबोर्डवरचे बाण दाबत बसले आणि बोलणं पूर्ण बंद झालं. मान टाकलेले बरेच दिसले तर समजायचं की ब्रेक द्यायची वेळ झालीय, बास.

मग कुठली मीटिंग न्यायची? जिथे जागेचा काही उपयोग आहे ती. नवीन लाईनचा लेआऊट आहे, मशीन कुठे येणार, ट्रॉली कुठून जाणार, हे ड्रॉइंगवर बघणं वेगळं आणि सगळ्यांनी मिळून त्या वाटेने चालत जाणं वेगळं. नवीन आलेल्यांची ओळख, भिंतीवर चिठ्ठ्या लावून विचार मांडणं, गटागटाने काम आणि मग एकमेकांचं बघत फिरणं, हे सगळं छान होतं. साहेबांना एकच विचारा, आपण तिथे जाऊन काय करणार? उत्तर "पीपीटी दाखवणार" असं आलं तर कॉलवरच दाखवा.

मी नर्सिंग कॉलेजला शिकवते. तिसऱ्या वर्षाच्या मुलींना पेशंटच्या नातेवाइकांशी बोलायची प्रॅक्टिस द्यायची आहे, वॉर्डात गेल्यावर एकदम गप्प होतात. लॅब आहे पण मशीन जुनी, नेट कधी असतं कधी नसतं, आणि बजेट जवळजवळ नाहीच म्हणा. जमेल का? (सांगली जिल्हा)

मॅडम तुमचा प्रश्न वाचून मला फार बरं वाटलं कारण आभासी जगाचा सगळ्यात चांगला उपयोग हाच आहे, जे खऱ्या ठिकाणी करून बघायची भीती वाटते किंवा परवानगीच नसते ते इथे चुकत चुकत करायचं.

कॅनडातल्या ओंटारिओमध्ये लॉयलिस्ट कॉलेज आहे, तिथे सीमेवरच्या अधिकाऱ्यांचा कोर्स असायचा. २००१ च्या ११ सप्टेंबरनंतर सुरक्षेमुळे विद्यार्थ्यांना खऱ्या चौकीवर उभं राहून शिकणं बंद झालं. मग त्यांनी सेकंड लाईफमध्ये सीमेवरची चौकी बांधली, गाडी येते, विद्यार्थी अधिकारी म्हणून खिडकीशी जातो, कागद बघतो, प्रश्न विचारतो, गाडीतली माणसं दुसरं कोणीतरी असतं आणि काय लपवायचं ते त्यांनी ठरवलेलं असतं. बाकीचे बाजूला उभे राहून बघतात. अशा प्रॅक्टिसनंतर त्यांच्या मुलांचे मार्क खूप सुधारले असं कॉलेजने सांगितलं. त्या चौकीत बघा, ग्राफिक काही फार भारी नव्हतं, पण प्रसंग खरा होता.

तुमच्यासाठी मी ओपनसिम्युलेटर, म्हणजे असं जग स्वतः चालवायचं सॉफ्टवेअर, सुचवेन, लोक ओपनसिम म्हणतात. २००७ पासून आहे, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि मुख्य म्हणजे तुमच्याच लॅबमधल्या एका बऱ्या मशीनवर सर्व्हर म्हणून टाकून लॅबच्या आतल्या नेटवर्कवर (लॅनवर) चालवता येतं, बाहेरचं नेट नसलं तरी अडत नाही. बाकीच्या मशीनवर फायरस्टॉर्मसारखा व्ह्यूअर, म्हणजे ते जग दाखवणारा प्रोग्रॅम, लागतो. जुन्या मशीनवर तो दमतो, म्हणून सावल्या बंद करा, ग्राफिक्स सगळ्यात खाली आणा, ड्रॉ डिस्टन्स, म्हणजे किती लांबपर्यंतचं दिसावं ते, ६४ मीटरवर ठेवा, आणि वॉर्ड साधा बांधा: चार भिंती, दोन कॉट, एक पडदा, बाहेर कॉरिडॉरमध्ये एक बाकडं. बाकडं विसरू नका, नातेवाइकांशी खरं बोलणं बाकड्यावर होतं. मशीन अगदीच म्हातारी असतील तर एकावर दोघी बसवा, एक चालवेल, एक बोलेल, ते वाईट नाही.

कॉलेजला एखादा कॉम्प्युटरवाला मुलगा असेल तर सर्व्हर टाकायला त्याला दोन-तीन दिवस लागतील, घाई करू नका. आवाजाचं वेगळं सेटिंग करावं लागतं, सुरुवातीला त्यात पडूच नका. एका लॅबमध्ये सगळ्या शेजारी बसलेल्या असतात त्यामुळे नर्स झालेल्या मुली लॅबमध्ये आणि नातेवाईक झालेल्या स्टाफरूममध्ये असं बसवा आणि साधा फोन लावून स्पीकरवर ठेवा. हे जुगाड मी स्वतः कितीदा केलंय आणि ते चांगलं चालतं.

आता एक प्रसंग सांगते, तुमच्यासारख्याच एका गटाबरोबरचा. प्रसंग असा दिला होता की मुलाचं ऑपरेशन लांबलंय, आई बाहेर बसलीय, नर्सने येऊन सांगायचं. आई झाल्या होत्या त्यांच्याच एक सीनियर मॅडम. मुलगी आली, बोलायला लागली, शब्द सगळे बरोबर होते, "काळजी करू नका", "डॉक्टर आहेत", सगळं. पण तिचा अवतार उभा होता दार आणि आई यांच्या बरोबर मध्ये, आईकडे अर्धी पाठ करून, कारण तिला बाण दाबून वळायचं सुचलं नव्हतं. मॅडम काही न बोलता बाकड्यावरून उठल्या आणि एक पाऊल बाजूला झाल्या, दार दिसावं म्हणून. मुलगी बोलता बोलता थांबली. मग म्हणाली, "अय्या, मी मध्येच उभी होते की."

आणि मग तिने काय केलं तर बाकड्यावर जाऊन बसली, आईच्या शेजारी, आणि परत पहिल्यापासून बोलली. नंतरच्या चर्चेत ती म्हणाली की वॉर्डातपण मी अशीच उभी राहत असेन, मला माहितीच नव्हतं. हे कळलं कशामुळे, तर तिथे कॅमेरा आपल्या पाठीमागे असतो, आपण खोलीत कुठे उभे आहोत ते आपल्यालाच दिसतं. खऱ्या वॉर्डात आपण आपल्याला दिसत नाही. आरशासमोर प्रॅक्टिस केली तरी फक्त चेहरा दिसतो.

म्हणून वेळ अशी वाटा की प्रसंग दहा-पंधरा मिनिटांचा आणि त्यावर बोलणं अर्धा तास. बोलताना आधी जिने केलं तिला बोलू द्या, मग बघणाऱ्या, मग तुम्ही. आणि पहिल्या दिवशी अभ्यासाचं काहीच घेऊ नका, फक्त चालणं, वळणं, बसणं, टाईप करणं, कपडे बदलणं. मुली तासभर नुसत्या कपडेच बदलत बसतील, बसू द्या, तेवढ्यात बोटांना सवय होते. दर पाच-सहा जणींमागे मदतीला एक हुशार मुलगी ठेवा, नाहीतर तुमचा सगळा वेळ "मॅडम मी भिंतीत अडकले" मध्ये जाईल.

आमच्या कंपनीने सेफ्टी ट्रेनिंगसाठी डोळ्यांवर घालायचे चार व्हीआर हेडसेट आणलेत. दहा मिनिटांत गरगरायला लागतं, एकाला उलटी झाली. आता कोणी घालायला तयार नाही. (नाशिक)

डोळ्यांना वाटतं आपण पुढे सरकतोय आणि कानाच्या आतला तोल सांगतो की जागेवरच आहोत, या भांडणातून ते गरगरणं येतं, माणूस कच्चा आहे म्हणून नाही. सेटिंगमध्ये जाऊन हातातल्या रिमोटच्या स्टिकने सरकत जाण्याऐवजी टेलिपोर्ट करा, म्हणजे बोट दाखवायचं आणि तिथे पोचायचं, बराच त्रास तिथेच कमी होईल. सुरुवातीला खुर्चीवर बसून, दहा मिनिटंच, गरगरायला लागलं की लगेच काढायचं, सहन करत बसायचं नाही. प्रत्येकाच्या डोळ्यांमधल्या अंतराप्रमाणे लेन्स सरकवायची असते, ते बहुतेक कोणी केलंच नसणार. आणि वजन असतंच, क्वेस्ट ३ सारखा हेडसेट ५१५ ग्रॅमचा आहे, अर्धा किलो तोंडावर बांधल्यासारखं, म्हणून वरचा पट्टा नीट ताणा. फिट येणाऱ्यांनी किंवा चक्करचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नये. ज्याला नकोच असेल त्याला लॅपटॉपवर करू द्या, मी स्वतः नव्वद टक्के काम लॅपटॉपवरच करते.

आम्ही मेलबर्न, सिंगापूर, ठाणे असे वीसेक मराठी लोक, बरेचसे निवृत्त. दर पंधरा दिवसांनी ऑनलाईन भेटून एखादा विषय शिकतो, कधी नाणी, कधी वाडे, कधी संगीत. एखादं आभासी सभागृह कायमचं बांधावं असं चाललंय, पण ऐकलं की ही जगं अचानक बंद पडतात. खरं आहे का? (मेलबर्न)

खरं आहे काका, आणि बांधायच्या आधी विचारलंत हे फार बरं केलंत. गूगलने २००८ च्या जुलैमध्ये लाईव्हली नावाचं काढलं आणि त्याच वर्षाच्या शेवटी बंद केलं. अल्टस्पेस व्हीआर मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये घेतलं, १० मार्च २०२३ ला बंद. मोझिला हब्स कितीतरी शिक्षक वापरत होते कारण नुसत्या लिंकवर ब्राऊझरमध्ये उघडायचं, २०२० च्या मार्चमध्ये आयईईई व्हीआर ही व्हीआरचीच परिषद कोविडमुळे प्रत्यक्ष होऊ शकली नाही तेव्हा त्यांनीही तेच वापरलं होतं, ती सेवा मोझिलाने ३१ मे २०२४ ला थांबवली. आणि बंद पडलं नाही तरी भाडं वाढतं: सेकंड लाईफने शिक्षणसंस्थांची निम्म्या दराची सवलत २०११ पासून काढली, तेव्हा बरीच विद्यापीठं तिथली आपली बेटं, म्हणजे भाड्याच्या जागा, सोडून गेली, २०१३ मध्ये सवलत परत आली पण गेलेले बरेच जण परतले नाहीत. ज्यांनी तिथे वर्ष-वर्ष राबून प्रयोगशाळा बांधल्या होत्या त्यांचं काय झालं असेल याचा विचार केला की मला अजून वाईट वाटतं.

म्हणून माझा सल्ला असा की आधी बांधूच नका. तीन महिने तयार जागेत भेटा, भाड्याचं घर समजा. सगळ्यांना आवडलं, लॉगिनची कटकट संपली, तर मग अशा ठिकाणी बांधा जिथून सामान बाहेर काढता येतं. ओपनसिममध्ये (वर सांगलीच्या मॅडमना सांगितलं ते) पूर्ण रीजन, म्हणजे त्या जगातला जमिनीचा एक चौकोनी तुकडा, एका फाईलमध्ये साठवता येतो, ओएआर म्हणतात तिला, उद्या होस्ट बदलला तरी ती फाईल टाकली की तुमचा वाडा परत उभा. हब्सचाही कोड खुला असल्यामुळे लोक ते स्वतःच्या सर्व्हरवर अजून चालवतात. आणि जे तिथे दाखवता ते, म्हणजे नाण्यांचे फोटो, टिपणं, ध्वनिफिती, यांची एक प्रत कायम कोणाच्या तरी साध्या हार्डडिस्कवर.

वाड्याचा विषय तुमच्यात आहेच म्हणून सुचवते, सभागृह बांधण्याऐवजी एक चौक बांधा. सभागृहात खुर्च्या एका दिशेला, एक बोलणार बाकी ऐकणार, म्हणजे परत व्हिडिओ कॉलच. चौकात ओसरी आहे, माडी आहे, तुळशीवृंदावन आहे, माणसं आपोआप दोघं-तिघं अशी बसतात, आणि वाडा शिकवताना वाड्यातच उभं राहून "हे बघा हे असं का" म्हणता येतं. वीस जणांना एक रीजन भरपूर झाला. पुढे कधी शे-दोनशे लोक बोलवायचे झाले तर या जगात मुरलेले लोक एक युक्ती करतात, चार रीजनचे कोपरे जिथे मिळतात तिथे स्टेज ठेवायचं आणि प्रेक्षक चारही बाजूंना बसवायचे, म्हणजे गर्दीचा भार चार सर्व्हरवर वाटला जातो.

वेळेचं एक, ठाण्याची सकाळ साडेनऊ म्हणजे सिंगापूरची दुपार बारा आणि मेलबर्नची दुपार दोन किंवा तीन, कारण तुमच्याकडे घड्याळं वर्षातून दोनदा बदलतात. निरोपात तिन्ही शहरांच्या वेळा लिहा.

मला बोलताना अडखळायला होतं, लहानपणापासून. ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी जवळजवळ बोलतच नाही. आता आमचं ट्रेनिंग अवतारवाल्या जगात होणार आहे. तिथे मी वेगळा चेहरा, वेगळं रूप घेतलं तर बोलायला सोपं जाईल का? आणि असं करणं खोटेपणा होईल का? (छत्रपती संभाजीनगर)

पहिलं सांगते, खोटेपणा अजिबात नाही. आयआयटी मुंबईने २३ ऑगस्ट २०२० ला पदवीदान समारंभ असाच घेतला होता, कोविडमुळे कोणाला कॅम्पसवर येता येत नव्हतं, तर मुलांच्या अवतारांनी संचालकांच्या अवताराच्या हातून पदवी घेतली. ती पदवी कोणी खोटी म्हणत नाही. काम तुमचं, शब्द तुमचे, मग रूप कुठलं का असेना. फक्त ऑफिसचं ट्रेनिंग आहे तर अवताराच्या डोक्यावर नाव खरं ठेवा, म्हणजे तुम्ही मांडलेला मुद्दा तुमच्या नावावर जमा होईल. इतकी वर्षं तुमचे मुद्दे दुसऱ्यांनी मांडले असतील, ते आता पुरे.

रूपाने फरक पडतो का, तर पडतो. निक यी आणि बेलेन्सन (वर ज्यांचं नाव आलं तेच) यांनी २००७ मध्ये प्रयोग छापला होता, पैसे वाटून घ्यायच्या खेळात ज्यांना उंच अवतार दिला ते स्वतःसाठी जास्त ठामपणे मागत होते आणि ज्यांना बुटका दिला ते अन्याय्य वाटणीसुद्धा मान्य करत होते. अवतार त्यांनी निवडलेला नव्हता, नुसता मिळाला होता, तरी. तेव्हा तुम्हाला ज्यात ताठ उभं राहावंसं वाटतं असं रूप घ्या, उंची थोडी वाढवलीत तर कोणी विचारणार नाही.

पण तुमच्यासाठी रूपापेक्षा दुसरी गोष्ट जास्त कामाची आहे. या जगांमध्ये टाईप करून बोलणं हे बोलणंच धरलं जातं. व्हिडिओ कॉलवर चॅटचा डबा कोपऱ्यात असतो, कोणी वाचतं कोणी वाचत नाही. सेकंड लाईफ किंवा ओपनसिममध्ये तुम्ही टाईप करायला लागलात की तुमचा अवतार हवेत हात धरून बोटं चालवतो, बारीक टकटक आवाज येतो, आणि समोरच्यांना कळतं की हे बोलतायत. मग ते थांबतात. मी हे इतक्या वेळा बघितलंय. माझ्या एका गटात एक जण होते, तुमच्यासारखेच, पहिले चार दिवस फक्त टाईप करायचे, आणि सगळे त्यांच्या ओळीची वाट बघायचे कारण ते मोजकं आणि नेमकं लिहायचे. पाचव्या दिवशी सत्र संपल्यावर दोघंच उरले होते तेव्हा त्यांनी माईक चालू केला. अडखळले, थांबले, परत बोलले. समोरचा माणूस थांबून राहिला, त्याला चार दिवसांत सवय झालीच होती ना. नंतरही ते गटात टाईपच करायचे आणि एकेकट्याशी माईकवर बोलायचे, असंच शेवटपर्यंत चाललं आणि कोणाला त्यात वावगं वाटलं नाही.

तुमच्या ट्रेनरला आधी एक मेल टाका की मी टाईप करून भाग घेणार आहे, टाईप करणाऱ्यांसाठी थांबाल का. सगळं सांगायची गरज नाही, तेवढी एक ओळ पुरे. आणि पहिल्या दिवशी अर्धा तास आधी लॉगिन करा, खोली रिकामी असेल, एक फेरी मारा, खुर्ची स्वतः निवडा. शक्यतो ट्रेनरच्या समोरची, म्हणजे तुमचे हात हलायला लागले की त्यांना लगेच दिसतील.